पाटकरी, नोंद सहावी: मळ्याच्या दुव्यावर मागणीची बारी

मागच्या नोंदीत घर ते मळा हा नऊशे मीटरचा दुवा उभा राहिला होता आणि त्यावरून नावाने डेटा मागता येऊ लागला होता. पुढचे पाच आठवडे एकाच प्रश्नात गेले. दुव्यावर व्हिडिओ उतरत असला की बोलणं का तुटतं, आणि ते तुटू नये म्हणून नेमकं कुठे बसून काय करायचं? आता उत्तर हाती लागलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवीन मंडळींसाठी आधी मांडणी. आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. गावातल्या घरी फायबर आहे. मळ्यात दादा, वहिनी आणि दोन पोरं राहतात. तिथे मोबाइलची रेंज ओट्याच्या एका कोपऱ्यातच मिळते. दोन्ही टोकांना रास्पबेरी पाय ४ हे छोटे संगणक (पुढे नुसतं ‘पाय’), मध्ये ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ. या दुव्यावर आयपी, म्हणजे यंत्रांच्या पत्त्यांवर चालणारी इंटरनेटची नेहमीची पद्धत, नाहीच. दोन्हीकडे एनएफडी, म्हणजे नेम्ड डेटा नेटवर्किंगचा (एनडीएन) फॉरवर्डर, मागण्या आणि तुकडे पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, थेट इथरनेट फ्रेमवर चालतो. मळ्यातून मागणी निघते ती ‘गणिताच्या बाराव्या धड्याचा चाळिसावा तुकडा’ अशी. कुठल्या मशीनकडून, हे त्यात नसतं. वाटेत ज्याच्याकडे तो तुकडा असेल तो देतो, आणि तुकड्यावरच सही असल्यामुळे कोणी दिला याची चिंता करावी लागत नाही. पोरांच्या शिकवण्यांचे व्हिडिओ घरच्या हार्ड डिस्कवर असतात, तेच या दुव्यावरून मळ्यात जातात.

हे वेड मला नेटवर्क संशोधक व्हॅन जेकबसन यांच्या कामामुळे लागलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटवर आला होता. अंतर अवघं ४०० यार्ड, आमच्या घर-मळ्याच्या निम्म्याहूनही कमी. ती कोंडी फोडायला त्यांनी १९८८ मध्ये मांडलेली रीत टीसीपीच्या, म्हणजे आयपीवरून डेटा नीट पोचवणाऱ्या नियमांच्या, मुळाशी आजही आहे. त्याच माणसाने २००६ साली जाहीर भाषणात मांडलं की जाळ्याने यंत्रांच्या पत्त्यांऐवजी मजकुराची नावं ओळखावीत. २००९ मध्ये त्यावर शोधनिबंध आला, आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने उद्याच्या इंटरनेटसाठी ज्या चार प्रकल्पांना पैसा दिला त्यात एनडीएन एक होता. बाकीचे तीन मोबिलिटीफर्स्ट, नेब्युला आणि एक्सआयए. मला एनडीएन जवळचा वाटला, कारण तो आमच्या पाटाच्या पाण्यासारखा चालतो. ते पुढे येईलच.

आधी कॅशची, म्हणजे येऊन गेलेले तुकडे पायवर साठवून ठेवायच्या जागेची गोष्ट, कारण ती मी सगळ्यात जास्त दिवस चुकीची समजत होतो.

थोरली पुतणी संध्याकाळी धडा बघते, धाकटा तोच धडा रात्री जेवण झाल्यावर बघतो. दुसऱ्या वेळी सगळे तुकडे मळ्याच्या पायवरच मिळायला हवेत, दुव्यावर एक मागणीही जायला नको. प्रत्यक्षात रात्री दुवा संध्याकाळइतकाच भरलेला! कॅशमधून मिळालेले तुकडे शून्य. थोडे नाहीत, शून्य. मी सेटिंग तपासलं, तुकड्याचा ताजेपणा तपासला, नावं अक्षर-अक्षर जुळवून पाहिली. सगळं बरोबर.

चौथ्या दिवशी वहीवर हिशोब मांडला तेव्हा उलगडलं. धडा ३४० मेगाबाइटचा. एका तुकड्यात मी ४,४०० बाइट भरतो, म्हणजे सुमारे ७७ हजार तुकडे. एनएफडीच्या कॅशची मूळ मर्यादा ६५,५३६ तुकड्यांची. जागा संपली की ज्याला सगळ्यात जास्त वेळ कोणी विचारलं नाही तो तुकडा बाहेर पडतो. पुतणीचा धडा संपेपर्यंत सुरुवातीचे साडेअकरा हजार तुकडे बाहेर गेलेले. पुतण्या सुरू करतो पहिल्या तुकड्यापासून. पहिला नाही, म्हणून तो घरून येतो, आणि त्याच्यासाठी जागा करायला बाहेर जातो तो आत्ता सगळ्यात जुना असलेला, म्हणजे पुतण्याला पुढे लागणाराच तुकडा. असा प्रत्येक नवा तुकडा पुढच्या एका तुकड्याचा बळी घेतो. कॅश सतत भरलेली, आणि हातात काहीच नाही. मर्यादा दीड लाख केली आणि त्याच रात्री दुव्यावरचा धड्याचा भार नाहीसा झाला. चार जीबीच्या पायला हे जड जात नाही. कोणी असा प्रयोग करत असेल तर आधी फाइलचे तुकडे मोजा, मग कॅश ठरवा. मजकूर क्रमाने बघितला जाणारा असेल तर कॅश थोडी कमी पडणं आणि अजिबात नसणं यात काहीच फरक राहत नाही.

आता बोलण्याकडे. घर आणि मळा यांच्यात आवाजासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. दर २० मिलिसेकंदांचा आवाज हा एक तुकडा, सेकंदाला ५० मागण्या. दुवा रिकामा असला की ३ मिलिसेकंदांत उत्तर येतं. पुतणीने नवा धडा लावला की तेच ४०० च्या वर जातं आणि दादाचं बोलणं अर्धं ऐकू येतं.

एनएफडीत कोंडीची खूण करायची सोय आहे. रांग वाढली की तो तुकड्यावर खूण करतो आणि मागणाऱ्याने वेग कमी करावा अशी अपेक्षा असते. माझ्याकडे ती खूण एकदाही उमटली नाही. कारण रांग पायवर नव्हतीच. पाय ते रेडिओ ही तार गिगाबिटची, रेडिओ हवेतून देतो खरे १८ मेगाबिट. सगळी गर्दी रेडिओच्या डब्यात साचते, आणि तिथे माझा हात पोचत नाही. मग घरच्या पायवर लिनक्सचं रांग सांभाळणारं साधन ‘केक’ लावून वेग १८ च्या किंचित खाली बांधला, म्हणजे रांग रेडिओतून उठून पायवर आली. उशीर ४०० वरून ४० वर आला, पण आवाजात खडे पडू लागले. केक वेगवेगळे प्रवाह ओळखतो ते आयपी पत्ता आणि पोर्टवरून. माझ्या फ्रेममध्ये दोन्ही नाहीत. सगळ्या फ्रेम त्याच दोन पत्त्यांच्या, त्याच ०x८६२४ प्रकारच्या. त्याच्या लेखी आवाज आणि व्हिडिओ एकच प्रवाह, त्यामुळे टाकायची वेळ आली की तो दोघांतलं काहीही टाकतो. फ्रेममधल्या बाइट तपासून नाव ओळखावं असंही मनात आलं होतं. पण मोठा तुकडा चार फ्रेममध्ये फुटतो, आणि नाव फक्त पहिल्या फ्रेमवर असतं.

इथे आठवडाभर अडकलो होतो. वाट आबांशी बोलताना सापडली.

आमचे आजोबा फडावर पाटकरी होते. पांझरेवरची फड पद्धत कित्येक पिढ्यांची आहे: नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, जास्तीचं पाणी परत नदीला जायला सांडवा. पाणी कोणी स्वतः घ्यायचं नाही, पाटकरी देईल तेव्हा घ्यायचं. आबांना मी विचारलं, की पाटात पाणी कमी आणि मागणारे जास्त अशी वेळ आली की आजोबा पाणी अडवायचे कुठे? आबा म्हणाले, “पाणी नाही अडवायचे. माणूस थांबवायचे. पाणी एकदा सुटलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.”

मी इतके दिवस सुटलेलं पाणी आवरत बसलो होतो. एनडीएनमध्ये एका मागणीला एकच तुकडा येतो, न मागितलेलं काही येत नाही. म्हणजे घरून मळ्याकडे येणारा भार मळ्याच्याच बाजूला, मागणी सोडतानाच ठरवता येतो. आयपीत ही मुभा नाही, तिथे पाठवणारा ढकलतो आणि वाटेतल्यांना सोसावं लागतं. मागणी वाटेत थोपवून धरायची ही कल्पना शोधनिबंधांत आधीपासून आहे, मी वाचलीही होती. पण ती नुसती वाचलेली होती.

त्याच रात्री पायथनमध्ये ‘पाटकरी’ लिहायला घेतला. पोरांच्या टॅबवरून निघालेली प्रत्येक मागणी आधी त्याच्याकडे येते. नाव आवाजाचं असेल तर लगेच पुढे. व्हिडिओचं असेल तर ती आपल्या बारीची वाट बघते. दोघं वेगवेगळे धडे बघत असतील तर एक याची, एक त्याची. सेकंदाला एकूण ४०० मागण्या सोडायच्या. तुकडा सहीसकट सुमारे ४,७०० बाइटचा धरला तर हे १५ मेगाबिट होतात. वरचे तीन आवाजाला आणि हवेच्या चढउताराला मोकळे. दोन सेकंदांत बारी येणार नसेल तर पाटकरी ‘नॅक’ पाठवून नाही म्हणतो, म्हणजे टॅब उगाच ताटकळत नाही आणि पुन्हापुन्हा मागून गर्दीही करत नाही.

थांबवलेल्या गोष्टीचं वजन बघा. दोनशे मागण्या अडवल्या तरी १६ किलोबाइट. तेवढेच तुकडे रांगेत उभे असते तर ९४० किलोबाइट झाले असते, आणि तेही रेडिओच्या डब्यात.

एक अडचण लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कोणालाही ती येईल. पाटकऱ्याने तेच नाव त्याच एनएफडीकडे पुन्हा मागितलं की एनएफडीला वाटतं ही मागणी आधीच वाटेत आहे, आणि तो ती पुढे पाठवत नाही. त्याचं काही चुकत नाही, एकाच गोष्टीच्या दोन मागण्या एकत्र करणं हेच त्याचं काम. शेवटी मळ्याच्या पायवर दोन एनएफडी चालवले: एक टॅबच्या बाजूचा, एक रेडिओच्या बाजूचा, मध्ये पाटकरी. कॅश टॅबच्या बाजूला ठेवली, म्हणजे कॅशमधून मिळणाऱ्या तुकड्याला बारीच लागत नाही.

निकाल असा. धडा उतरत असताना आवाजाचा उशीर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा १८ मिलिसेकंदांच्या आत. धडा पहिल्यांदा उतरायला आधी दोन मिनिटं चाळीस सेकंद लागायची, आता तीन मिनिटं तेरा सेकंद. अर्ध्या मिनिटाची ही किंमत मला पूर्ण मान्य आहे. चाचणीच्या वेळी दादा पलीकडून म्हणाला, “आते आवाज चांगला यी ऱ्हायना भो,” आणि मागे पुतणीचा धडा चालूच होता.

मधेच एक पहाट वाया गेली, तेही नोंदवतो. मळ्यात रात्री लाइट गेली, पहाटे आली, आणि घरून आलेला एकही तुकडा मळ्याचा पाय खरा मानेना. सही चुकीची म्हणायचा. मी मोटरसायकल काढून मळ्यात पोचलो, केबल तपासल्या, रेडिओ तपासला, आणि काहीही न करता सगळं आपोआप सुरळीत झालं. आपोआप सुरळीत होणारा बिघाड मला झोपू देत नाही. लॉग काढला. आदल्या संध्याकाळी ७:४० ला मी घरच्या पायसाठी सहीची नवी किल्ली आणि नवं प्रमाणपत्र बनवलं होतं. लाइट ७:५५ ला गेली. पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. तो तासातून एकदा वेळ कार्डावर लिहितो आणि पुन्हा चालू झाला की तिथून मोजायला लागतो. शेवटची लिहिलेली वेळ ७:१७. म्हणजे पहाटे उठलेल्या पायसाठी आदली संध्याकाळच चालू होती आणि प्रमाणपत्राचा जन्म व्हायला अजून २३ मिनिटं होती. ती भरली आणि सही खरी ठरली.

एरवी पाय इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पण ती विचारणा आयपीवरून होते, आणि दुव्यावरचा आयपी मीच काढला होता. आयपीबरोबर वेळही गेली, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सध्या डीएस३२३१ घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावलंय, छान चालतंय. नावाने वेळ मागायची सोय करायची आहे, पण त्या उत्तराची सही तपासायलाही वेळ माहीत असावी लागते. त्यावर कोणी काम केलं असेल तर मला वाचायला आवडेल.

उन्हाचंही थोडं. दुपारी पत्र्याच्या खोलीत पाय ८० अंशांना टेकला की स्वतःचा वेग कमी करतो आणि पाटकऱ्याच्या ४०० मागण्या ३०० वर येतात. डबा गोठ्याच्या भिंतीला, सावलीत हलवला. तेवढ्याने भागलं.

आवाज आधी, व्हिडिओ नंतर, एवढ्याने सेवेची गुणवत्ता सांभाळली असं मला वाटत नाही. डेव्ह ओरान यांचा २०२१ चा आरएफसी ९०६४ (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला) जरूर वाचा. अशा जाळ्यात दुव्याइतकीच कॅश आणि थांबलेल्या मागण्यांची यादी हीसुद्धा वाटून द्यायची साधनं आहेत, हे त्यात नीट मांडलंय. माझ्या कॅशच्या चार दिवसांनंतर ते मला मनापासून पटलं. कोणाचा धडा कॅशमध्ये टिकवायचा, हाही बारीचाच प्रश्न आहे, आणि पाटकऱ्याला अजून त्यातलं काही कळत नाही.

त्याआधी मात्र दुसरं काम आहे. घर आणि मळ्याच्या मधल्या शेतात ऊस आहे. नऊशे मीटरच्या दुव्याला मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंनी जवळपास साडेतीन मीटर मोकळी जागा लागते, आणि पावसाळ्यात ऊस त्यात शिरणार. १८ मेगाबिट तेव्हा १८ राहणार नाहीत, आणि ४०० मागण्यांचा आकडा हाताने बदलत बसणं मला नको आहे. आबा सांगतात, आजोबा रोज पहाटे आधी बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघून यायचे आणि मगच बाऱ्या सांगायचे. पाटकऱ्याकडून दर सेकंदाला एक छोटी मागणी घरी पाठवून तिचा उशीर टिपायला मी कालपासून सुरुवात केली आहे.