लग्न लागताना तुम्ही कुठे उभे राहणार?

आमच्या फोटो स्टुडिओत आजवर विचारला गेलेला सगळ्यांत चांगला प्रश्न पाटण खोऱ्यातल्या एका आजींनी विचारला. 2013 साल होतं. नातीच्या लग्नाची बोलणी करायला सगळं घर कराडला आलं होतं. नवरीच्या भावाला करिझ्मा अल्बम, म्हणजे पानांवरच फोटो छापलेला अल्बम, हवा होता, मामांना व्हिडिओसाठी क्रेन हवी होती. आजी कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून होत्या. सगळे उठले, तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "बाळा, लगीन लागताना तू उभा कुठं ऱ्हाणार? थोरलीच्या लग्नात मला निस्त्या फोटोवाल्यांच्या पाठी दिसल्या."

मला उत्तर देता आलं नाही. धंद्यात येऊन मला चौदा वर्षं झाली होती आणि हा विचार मी कधी केलाच नव्हता. अंतरपाट खाली आला की आम्ही पुढे घुसायचो. दोन फोटोग्राफर, दोन व्हिडिओवाले, लाइट धरणारा मुलगा अशी पाच माणसं नवरा-नवरीच्या पुढ्यात. ज्यांच्या घरचं लग्न, ज्यांनी वर्षभर त्या क्षणाची वाट पाहिली, ते आमच्या मागे.

स्टुडिओ 1986 साली वडिलांनी सुरू केला. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही. पुढे पासपोर्ट फोटो, मागे रंगवलेला पडदा, आणि लग्नसराईत गळ्यात पेंटॅक्स के 1000. एका लग्नाला 36 फोटोंचे चार किंवा पाच रोल, म्हणजे सगळं लग्न दीडशे-पावणेदोनशे फोटोंत बसवायचं. हळद किती, रुखवत किती, पंगत किती याचा हिशोब डोक्यात ठेवूनच बटण दाबायचं. त्यांचे दोन नियम होते. रोल भरला की पुढच्या प्रत्येक फोटोला रिवाइंडची नॉब फिरते का ते बघायचं. नॉब फिरत नसेल तर रोल आत अडकलेलाच नाही आणि तुम्ही रिकामा कॅमेरा मारताय. दुसरा नियम मंगलाष्टकांचा. पहिलं मंगलाष्टक सुरू व्हायच्या आत नवा रोल भरायचा, आधीच्या रोलमध्ये दहा फोटो शिल्लक असले तरीही. ते दहा फोटो वाया गेलेले चालतील, पण अक्षता पडताना रोल संपलेला चालणार नाही. शेवटचं 'सावधान', अंतरपाट, अक्षता, हार हे सगळं पाव मिनिटात आटोपतं आणि ते पुन्हा मागता येत नाही. मंगळसूत्र "परत एकदा घाला" असं आबांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

मी 1999 ला त्यांच्या हाताखाली आलो. 2006 ला आम्ही निकॉनचा डी 70 एस हा डिजिटल कॅमेरा घेतला आणि रोलचा हिशोब संपला. शंभर फोटो काढा, दोनशे काढा. त्या मोकळेपणात मी आबांचा नियम विसरलो.

2009 च्या मे महिन्यात एका लग्नाची हळद आणि सीमांतपूजन मी एकाच मेमरी कार्डावर काढलं. रात्री कार्यालयातच कार्ड लॅपटॉपला लावलं, तर पडद्यावर 'फॉरमॅट करा' असा निरोप आला. पुण्याला पाठवून कार्डातलं जे निघालं त्यात हळदीचे अकरा फोटो होते, तेही अर्धे कापलेले. सीमांतपूजनाचा एकही नव्हता. सगळे पैसे परत द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. नवरीची आई म्हणाली, "पैसे घेऊन मी काय करू, माझ्या आईनं तिला हळद लावलेली ती कुठं गेली?" त्या दारातून मी कसा निघालो ते अजून आठवतं. चूक कार्डाची नव्हती. एवढं मोलाचं काम मी एकाच जागी ठेवलं, ही चूक माझी होती.

म्हणून आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, इसार देण्याआधी विचारा: तुमचा कॅमेरा एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहितो का? दोन कार्डांची सोय असलेला डी 7000 आम्ही 2011 ला घेतला आणि त्यानंतर एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर लग्न काढलेलं नाही. चांगल्या, महागड्या कॅमेऱ्यांतही एकच कार्ड बसणारे कॅमेरे आहेत, तेव्हा नुसतं कॅमेऱ्याचं नाव ऐकून समाधान मानू नका. कार्डं दोन आहेत म्हणजे दोन्हीवर तेच फोटो जातात असंही नाही. पहिलं भरलं की दुसरं सुरू, अशीही सेटिंग असते. त्यामुळे "दोन्हीवर तेच फोटो जातात का?" असं नेमकं विचारा. मग पुढचा प्रश्न: लग्नाच्या रात्री हा डेटा कुठे जातो? आमच्याकडे रात्रीच दोन हार्ड डिस्कवर उतरतो. एक स्टुडिओत राहते, दुसरी घरी जाते, आणि दोन्ही तपासल्याशिवाय कार्ड पुसलं जात नाही. 4के व्हिडिओ नेहमीच्या 100 एमबीपीएसच्या सेटिंगला तासाला साधारण 45 जीबी खातो. दोन दिवसांचं लग्न, तीन कॅमेरे, हिशोब तुम्हीच करा. हा खर्च जो फोटोग्राफर धरत नाही, त्याचा दर कमी येणारच.

आजींच्या प्रश्नाकडे परत येतो. त्या लग्नाच्या चार दिवस आधी मी कार्यालय बघायला गेलो, पहिल्यांदाच. तोवर थेट लग्नाच्या सकाळीच जायचो. स्टेजची रुंदी पावलांनी मोजली, पहिली खुर्ची कुठे येते ते बघितलं आणि कागदावर आकृती काढली. एक जण स्टेजवर, गुरुजींच्या मागच्या कोपऱ्यात, गुडघ्यावर. एक जण समोर, खुर्च्यांच्या मधल्या वाटेच्या टोकाला लांबून जवळचं टिपणारी 70-200 ची लेन्स घेऊन. व्हिडिओ कॅमेरा त्याच्याही मागे, उंच स्टँडवर. मधे कुणी नाही. आजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं. अक्षता पडताना गुडघ्यावर बसून मी वळून त्यांचाच फोटो काढला. मूठ उघडलेली, तांदूळ हवेत, आणि त्या थेट नातीकडे बघतायत. पुढे जाऊन घुसलो असतो तर हा फोटो मिळाला नसता, कारण त्यांच्यासमोर मीच उभा असतो.

तेव्हापासून कार्यालय आधी बघणं हा आमच्या कामाचा भाग झाला आणि त्याचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही. तुम्हीही विचारा, "आमचं कार्यालय तुम्ही आधी बघणार का?" बघायला गेलं की लाइटचंही कळतं. आजकाल डेकोरेशनवाले स्टेजवर जांभळे-निळे एलईडी दिवे ('पार') लावतात. डोळ्यांना ते छान दिसतात, पण फोटोत नवरीची हळद लागलेली कांती जांभळी येते आणि ती नंतर कितीही दुरुस्त केली तरी खरी दिसत नाही. विधींपुरते ते बंद ठेवा, पिवळसर पांढरे लाइट लावा, हे डेकोरेशनवाल्याला आदल्या दिवशीच सांगावं लागतं. आम्ही सांगतो, पण घरच्यांनी सांगितलं की तो जास्त ऐकतो.

धंदा वाढला तो 2014-15 ला, आणि तिथे मी दुसऱ्यांदा चुकलो. एका दाट तिथीला तीन लग्नं घेतली. एकाला मी गेलो, दोन ठिकाणी रोजावर मुलं पाठवली. मुलं कामाची चांगली होती. पण नवरीचा सख्खा काका कोण, आत्या कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एका घरी अल्बम बघताना नवरीचे वडील पानं उलटत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुम्हाला बघून काम दिलं होतं हो." त्यांच्या सख्ख्या भावाचा आख्ख्या अल्बममध्ये एकच फोटो होता, तोही बाजूने.

रोजावर माणूस घेणं यात गैर काही नाही. आमचा सगळा व्यवसाय त्यावर चालतो, मीही दुसऱ्यांच्या लग्नांना गेलोय. न सांगता पाठवणं गैर आहे. तेव्हा विचारा, "त्या दिवशी स्वतः कोण येणार? त्याचं नाव कागदावर लिहून द्याल का? त्याच दिवशी तुमची अजून किती लग्नं आहेत?" आता आम्ही एका तिथीला दोनच लग्नं घेतो. एका ठिकाणी मी, दुसऱ्या ठिकाणी माझी पत्नी. ती 2016 पासून कॅमेरा धरते. नवरीची तयारी चालते त्या खोलीत आणि बायकांच्या हळदीत पुरुष फोटोग्राफर असला की सगळ्या अंग चोरून बसतात. ती असली की ओव्या, उखाणे, रडणं, सगळं मोकळेपणानं होतं. तुमच्या घरात हा प्रश्न असेल तर बाई फोटोग्राफर मिळेल का, हे आधीच विचारा. लाजू नका.

काम बघायला मागताना एक करा. इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो आणि तीन मिनिटांचा टीझर यावर ठरवू नका. पन्नास लग्नांतले पन्नास फोटो कुणाचेही सुंदर असतात. एक आख्खं लग्न दाखवा म्हणा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, आणि तेही तुमच्यासारख्या कार्यालयातलं. तुमचं लग्न संध्याकाळचं गोरज मुहूर्ताचं असेल तर रात्रीचं लग्न बघा. मेणवलीच्या घाटावर सकाळच्या उन्हात काढलेलं प्री-वेडिंग बघून ट्यूबलाइटखालच्या लाजाहोमाचा अंदाज येत नाही. दुसऱ्या घरच्या परवानगीशिवाय आम्ही असं लग्न दाखवत नाही. चार कुटुंबांनी आनंदानं परवानगी दिली आहे, ती चार दाखवतो.

2020 आणि 2021 ने आम्हाला करारनामा शिकवला. तोवर सगळं तोंडी चालायचं. एप्रिल 2021 मध्ये तर लग्नाला 25 माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी होती. तारखा पुढे गेल्या, काही लग्नं दारात उरकली, आणि इसार कुणाचा किती यावरून वर्षानुवर्षांच्या ओळखीत कडवटपणा आला. आता तारीख बदलली तर काय, लग्न मोडलं तर काय, मी आजारी पडलो तर कोण येणार, हे एका पानावर मराठीत लिहिलेलं असतं. अल्बमचं मापही त्यात असतं. 12 बाय 36 इंचांची किती शीटं, वाढीव शीटाचा दर काय, फोटो निवडून दिल्यापासून किती दिवसांत अल्बम हातात. घरच्यांनी निवडच केली नाही तर अल्बम अडतो आणि असे अल्बम आमच्याकडे नेहमी असतात. म्हणून निवडीलाही तारीख घालतो. "लग्नाच्या वाढदिवसापर्यंत तरी अल्बम द्या" म्हणून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. जीएसटी 18 टक्के लागतो. तो दरात धरला आहे की वर, हेही पहिल्याच बैठकीत विचारून घ्या. ड्रोन हवा असेल तर 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला 2021 च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. ते बघायला मागा. मांडवात लहान मुलं असतात.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, तुम्ही पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क तुमचा असतो, वेगळा करार केला नसेल तर. हा 'वेगळा करार' बऱ्याचदा छापील फॉर्मच्या खालच्या बारीक ओळीत असतो. ती ओळ वाचा. तुमच्या मुलीचे फोटो आमच्या जाहिरातीत वापरायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. आम्ही त्यासाठी वेगळी सही घेतो, आणि नको म्हणणाऱ्यांच्या दरात एक रुपयाचा फरक करत नाही.

शेवटचा प्रश्न, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा एकेकाचा धड फोटो काढणार का, हा आमच्याकडे अजून कुणी आपणहून विचारलेला नाही. दर काही आठवड्यांनी कुणीतरी जुना अल्बम पिशवीत घालून स्टुडिओत येतं. आई गेलेली असते, किंवा आजोबा. हार घालायला फोटो हवा असतो आणि घरात त्यांचा धड फोटो नसतो, म्हणून भावाच्या नाहीतर पुतणीच्या लग्नाच्या अल्बममधून काढून द्या म्हणतात. गर्दीत मागे उभे, अर्धा चेहरा कुणाच्या फेट्याआड. 2019 ला एकजण 2007 चं लग्न घेऊन आला. अल्बम पुराच्या पाण्यात गेला होता. मी आमची डीव्हीडी काढली, ती वाचलीच गेली नाही. त्या वर्षी मी जुन्या सगळ्या डीव्हीडी बसून हार्ड डिस्कवर उतरवल्या. चारशेतल्या साठेक गेल्या होत्या. आम्ही डेटा किती वर्षं ठेवतो ते म्हणूनच करारात लिहितो, आणि तुमची प्रत तुमच्याकडे दोन जागी ठेवा असंही सांगतो.

आता बोलणी करताना माझी पत्नी वही उघडते आणि दोन्ही घरांतल्या सत्तरीपुढच्या माणसांची नावं लिहून घेते. कुणाला उभं राहवत नाही, कुणाला फ्लॅशचा त्रास होतो, तेही लिहिते. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड नाश्त्याला गेलं की कार्यालयाच्या उत्तरेच्या खिडकीपाशी ती एक खुर्ची ठेवते. एकेकाला हात धरून आणते, पदर-टोपी सारखी करते, चष्म्यावरची चमक जाईपर्यंत मान जरा खाली घ्यायला सांगते. प्रत्येकाला दोन मिनिटं. या फोटोंचे पैसे आम्ही घेत नाही.