पुढच्या सत्राचं काय ठरलं? तुम्ही विचारलंत म्हणून

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न सुरू होतो. लग्नात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, फोनवर. विचारणारे दोन प्रकारचे. नातेवाइकांच्या तोंडी त्याचा अर्थ ‘आता तरी पोरांना शाळेत घालणार का?’ एवढाच असतो. त्यांना मी ‘बघू’ म्हणते आणि चहा टाकते. दुसरे म्हणजे ज्यांनी आपली मुलं घरीच शिकवायचं ठरवलंय, किंवा ठरवायच्या बेतात आहेत. ते खरंच विचारतात, की एवढ्या मोठ्या खटल्याच्या घरात, बागेच्या कामात, सहा महिन्यांचं नियोजन बसवता कसं? वेळापत्रकाचा फोटो पाठवाल का? मी दर वेळी काहीतरी अर्धवट सांगून सुटका करून घेते. आज पूर्ण सांगते.

घरी का शिकवतो, ते उगाळत बसत नाही. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरला दुसरीत होता. खेड्यातल्या प्राथमिक शाळा उघडेपर्यंत 2021 चा डिसेंबर आला, आणि तोवर त्याचं घरी इतकं छान चाललं होतं की आम्ही परत पाठवलं नाही. धाकटीनं अंगणवाडीपुढची शाळा पाहिलीच नव्हती. घर तासगाव तालुक्यात, मळ्यात. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, दोन म्हशी, मामा-आत्या म्हणजे सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांचं तान्हं. हंगामात शेडवर मुक्कामाला येणारी मजूर कुटुंबं वेगळीच.

शाळेचं दुसरं सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडतं. आमच्याकडे त्या सुमाराला फळछाटणी, म्हणजे फळं धरण्यासाठीची छाटणी, नुकतीच उरकलेली असते, किंवा पाऊस लांबला तर चालूच असते. एकदा छाटणी झाली की द्राक्षवाला तारखा मोजत नाही, छाटणीचे दिवस मोजतो. डोळे फुटायची पेस्ट लावली, डोळे फुटले, फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढली, फुलोरा, घडांचं डिपिंग म्हणजे द्रावणात बुडवणं, मण्यांची विरळणी. साधारण 120-130 दिवसांत माल हाताशी येतो, बेदाण्याला पुढे पंधरवडाभर रॅकवर. फुलोऱ्यात आभाळ भरून आलं की डाऊनी या बुरशी रोगाच्या भीतीनं फवारणीचा ब्लोअर रात्रीसुद्धा बाहेर निघतो आणि दुसऱ्या दिवशी घरात कोणी कोणाला अपूर्णांक शिकवत नाही. त्यामुळे माझ्या वहीत सत्राचे आठवडे ‘नोव्हेंबरचा दुसरा’ असे लिहिलेले नसतात. ‘छाटणीपासून तिसावा दिवस’ असं लिहिलेलं असतं. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे मणी पिकू लागले, की घर जरा सैल होतं, काढणी सुरू होईपर्यंतचे ते दिवस माझ्या हक्काचे. अवघड विषय मी तिथं टाकते. काढणी आणि बेदाणा सुरू झाला की फक्त वाचन. त्या दिवसांत आम्ही शिकतो असा दावा मी करत नाही.

यात परीक्षेची आणखी एक गंमत आहे. थोरला आता तेरा वर्षांचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, म्हणजे एनआयओएसच्या दहावीला चौदा पूर्ण लागतात. त्यांच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलमध्ये आमची खरडछाटणी, म्हणजे काढणीनंतरची छाटणी, आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. या तारखा ठरवणाऱ्याचं द्राक्षवाल्यांशी काहीतरी जुनं वैर असावं. बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची दहावी देता येते, पण तिथं शाळा सोडल्याचा दाखला मागतात, आणि आमच्याकडे आहे तो दुसरीचा.

फोटो मागणाऱ्यांना बहुतेक माझं पहिल्या वर्षीचं नियोजन हवं असतं. ते खरंच देखणं होतं. माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. जेवणं झाली की ते टाचण, म्हणजे शिकवायच्या पाठांची टिपणं, काढायला बसत. वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि मग रोजचं टाचण, या क्रमानं. मी बी.एड. केलं, नोकरी केली नाही, पण टाचणाची हौस रक्तात उतरली होती. पस्तीस मिनिटांच्या तासिका आखल्या, विषयाला एकेक शाई, आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’. तेव्हाची ती मी आज समोर येऊन बसली तर भांडेल माझ्याशी. छाटणीचे दिवस मोजणं हे काय नियोजन झालं, म्हणेल, मुलांची हेळसांड आहे ही. मी तिला विचारीन, बाई, तुझ्या तक्त्यात मुलांचा एकेक तास आहे, तुझा स्वतःचा कुठं आहे? मजुरांच्या टोळीचा पगार कोण वाटणार? आत्यांच्या गुडघ्याला मिरजेला कोण घेऊन जाणार? ती म्हणेल, ते होतंच की मधल्या वेळात. ‘मधला वेळ’ नावाची गोष्ट या घरात नसते, हे तिला कळायला आणखी दोन हंगाम जायचे होते. पण तिची एक बाजू मला खोडता येत नाही. त्या वर्षी पाठ्यपुस्तकं शेवटच्या पानापर्यंत झाली. त्यानंतर कधीच झाली नाहीत.

इथं कोणीतरी हमखास म्हणतं, अहो, पुस्तकं कशाला, मुलं शेतातच केवढं शिकतात! आधी मीही असंच म्हणायचे, आता ऐकलं की चिडते. थोरला बेदाण्याच्या डिपिंगचं, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं, द्रावण करतो. लिटरला 15 मिली डिपिंग ऑइल आणि 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, म्हणजे दोनशे लिटरला तीन लिटर आणि पाच किलो. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा, म्हणजे टनाला किती, हे तो झोपेतही सांगेल. पहिल्यांदा जमलं तेव्हा ते गणित होतं. पुढच्या वर्षी ते नुसतं काम झालं. शेड त्रैराशिकापर्यंत नेऊन सोडतं, बीजगणित शेडमध्ये सापडत नाही. ते शिकवायला कोणीतरी शेजारी बसावं लागतं, आणि ‘कोणीतरी’ म्हणजे या घरात मी.

आता गेल्या वर्षीची गोष्ट, जी मी कोणाला धड सांगितलेली नाही.

दर सत्राआधी मी दोघांना कोऱ्या कागदावर आठवडा आखून देते आणि म्हणते, तुम्हाला जसा हवा तसा भरा. थोरल्यानं नेहमीप्रमाणे निम्मा रिकामा ठेवला. धाकटीनं मात्र पट्टी घेऊन, जीभ बाहेर काढून, मन लावून भरला. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच: शाळा. शनिवारी सकाळची शाळा, तेही विसरली नव्हती. रविवारी दुपारी, खाली कोपऱ्यात: आईकडे गणित. ते गणित तिनं माझी समजूत काढायला घातलं असावं, असं मला वाटलं. नऊ वर्षांची पोर.

मी पहिल्यांदा काय विचारलं? ‘कुणी शिकवलं तुला हे लिहायला?’ माझा संशय आत्यांवर होता. ती म्हणाली, कुणी नाही. मग मी विचारलं, तिथं असं काय आहे? शेजारच्या मळ्यातली मैत्रीण, खो-खो, खिचडी, असं काहीतरी ऐकायची माझी तयारी होती. या प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं, वर्षानुवर्षं देऊन गुळगुळीत झालेलं.

ती म्हणाली, ‘तिथल्या बाई मधेच उठून जात नाहीत.’

मी लगेच वाद घातला. जातात की, म्हटलं. त्यांना सर्वेक्षणं असतात, मीटिंगा असतात, माहित्या भरायच्या असतात. आजोबांना विचार, वर्ग सोडून किती वेळा जायला लागायचं. हे सगळं खरंच आहे. आपल्याकडेही शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला कोण येतं? वर्ग मागे ठेवून आलेले गुरुजीच. ती थोडा विचार करून म्हणाली, ‘पण त्या गेल्या तरी बाकीची पोरं असतात.’

आणि तेवढ्यात टोळीच्या मुकादमाचा फोन वाजला. मी उठले.

ज्यांची बाग आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ऐन छाटणीत टोळीचा फोन घेतला नाही तर टोळी दुसऱ्याच्या बागेत जाते, आणि छाटणी चार दिवस पुढे गेली की पुढचं सगळं चार दिवस पुढे जातं. हे बागेत होते, मामांना ऐकू कमी येतं, जाऊबाईंच्या कडेवर पोर. मग कोणी घ्यायचा? मी बोलले, भाव ठरवला, किती माणसं ते विचारलं. परत आले तर कागद तसाच होता आणि धाकटी म्हशींकडे गेली होती. रुसून नाही, नेहमीसारखी, कारण आई उठली की तास संपला हे तिला पाठच होतं. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं. त्या रात्री मी जुन्या वह्या काढून बघितल्या. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात जागोजागी ‘अपूर्ण’ लिहिलेलं होतं, आणि कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आत्या म्हणाल्या, ‘जाऊ दे की पोरीला. आडवतीस कशाला?’ मी आडवत नव्हते. दिवाळीनंतर तिला जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन गेले. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची सोय आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांनी अडवलं नाही, चौथीत बसवलं. वाचनात ती वर्गाच्या पुढे होती. फळ्यावरचं भराभर उतरवून घेणं मात्र तिनं जन्मात केलेलं नव्हतं. पहिले काही दिवस अर्धी वही घेऊन यायची आणि रात्री मैत्रिणीची वही मागून पुरी करायची. एकदा म्हणाली, बाई गोष्ट सांगत असल्या तरी घंटा झाली की थांबतात. तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. वार्षिक परीक्षा दिली, पास झाली.

जूनपासून ती परत घरी आहे. लोकांना मी सांगते, तिचं तिनंच ठरवलं. ते खोटं नाही. मी विचारलं, ती ‘घरी’ म्हणाली. पण ती शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला गावात जायचं, म्हणजे रोज मोटारसायकलवरून सोडायला-आणायला माणूस हवा, आणि आमच्या घरात माणूस मोकळा नसतो हे तिला चांगलंच माहीत आहे. माहीत असलेल्या मुलीनं ‘घरी’ म्हटलं, तर तिनं ठरवलं की घरानं ठरवलं? मैत्रीण पाचवीला तिच्या मामाकडे गेली, तेही एक कारण असेल. मी पुन्हा विचारलेलं नाही. काय उत्तर येईल याची भीती आहे म्हणा हवं तर.

आता यंदाच्या सत्राचं. मी मुलांचा वेळ आखणं बंद केलंय. मुलांकडे वेळ भरपूर असतो, तो कधीच अडचणीचा नव्हता. मी माझा वेळ आखते, आणि त्यातही फक्त मी उठणार नाही तो वेळ. सकाळी सात ते साडेआठ. फोन जाऊबाईंकडे. मुकादमाला, औषधवाल्याला, गॅसवाल्याला सांगून ठेवलंय. जाऊबाई काही धर्मादाय करत नाहीत, त्या बदल्यात संध्याकाळच्या त्यांच्या वाटणीच्या धारा मी काढते आणि गुरुवारी त्यांचं पोर सांभाळते. सौदा चोख आहे. भाऊजींना अजून पटलेलं नाही. सात वाजता घरातली एक कर्ती बाई ‘नाही’ असते, हे त्यांना विचित्र वाटतं. मी दुसऱ्या कुठल्या नोकरीवर जात असते तर वाटलं नसतं, हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. दोन दिवस अबोला होता.

या दीड तासात पहिला पाऊण तास धाकटीचा, दुसरा थोरल्याचा. बाकीचा दिवस बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर उतरवून ठेवली आहेत, त्यांतून त्यांचं ते करतात किंवा करत नाहीत. त्याच्या बीजगणिताला पाणी उतरण्याचे दिवस दिलेत. तिला या सत्रात इतिहास हवा आहे, मला तिचं शुद्धलेखन हवं आहे, अजून तोडगा निघालेला नाही. हा दीड तास रोज मिळतो का? नाही. फवारणीच्या दिवशी मिळत नाही, कोणी आजारी पडलं की मिळत नाही. आठवड्यातून चार दिवस मिळाला तर मी खूश असते. तुमच्याकडे बाग नसेल, दुकान असेल, नोकरी असेल, अंथरुणावरचं माणूस असेल. तुमचा दीड तास कोणाकडून आणि कशाच्या बदल्यात मिळेल, हे माझ्या वेळापत्रकात सापडणार नाही. म्हणून मी फोटो पाठवत नाही. शिवाय त्या वहीच्या मागच्या पानांवर टोळीच्या उचलीचा हिशेब आहे.

नातेवाइकांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ह्यांचं म्हणणं, थोरल्याला आत्ताच आठवीत बसवू. वयानुरूप प्रवेशाचा कायदा आठवीपर्यंतच हात देतो, नववीला कोण दारात उभं करणार? मुद्दा बिनतोड आहे. माझं म्हणणं, चौदा पूर्ण होऊ देत, मुक्त विद्यालयात नाव घालू, एक छाटणी त्याच्याशिवाय उरकू. तो स्वतः म्हणतो, दोन्ही चालेल, आणि असं म्हणून ट्रॅक्टरकडे जातो. धाकटीला गावच्या शाळेत सहावीला घालायचं का, हा विषय अजून काढलेला नाही. आमचं दोघांचं यावर एकमत नाही, आणि विरळणी उरकेपर्यंत होणारही नाही.