काकांच्या पोर्टच्या तीन बाटल्या

रामबागेतलं जुनं घर रिकामं करत होतो तेव्हा पोर्टच्या, म्हणजे पोर्तुगालच्या गोड, कडक वाईनच्या, या तीन बाटल्या निघाल्या. काका मर्चंट नेव्हीत होते, येताना काही ना काही आणायचेच, आणि घरात पिणारं कोणी नाही म्हणून त्या तशाच राहून गेल्या, दोन भिंतीतल्या फडताळात, एक माळ्यावर. लेबलवर साल नाही, कारण या व्हिंटेज नाहीत, साध्या रूबी, म्हणजे वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळून भरलेल्या. पण एकीच्या खोक्यावर काकांनी बॉलपेननं लिहून ठेवलंय, ‘लिस्बन, मार्च ८६’. त्या अक्षरांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसलो होतो.

काकू म्हणाल्या, उघड रे, त्यांनी काय नुसती ठेवायला आणली होती का.

आता कोणालाही विचारा, रूबी साठवायची नसते हेच सांगतील. व्हिंटेज पोर्ट दोनेक वर्षं लाकडात राहते आणि मग बाटलीत वीस-तीस वर्षं मुरते, रूबी मात्र गाळून भरतात आणि ती तेव्हाच प्यायला तयार असते. बरोबरच आहे ते. पण पोर्ट तशी दणकट, दोऊरो खोऱ्यातल्या द्राक्षांचा रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, मग आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९-२० टक्क्यांवर जातं, त्यामुळे ती सहजासहजी मरत नाही असं मला वाटत होतं.

दोन दिवस बाटल्या उभ्या ठेवल्या. उघडताना प्लॅस्टिकची टोपी हातात आली आणि बूच मानेतच राहिलं, स्क्रू घातला तर अर्धं आत पडलं, शेवटी धुतलेल्या मलमलीतून गाळली. फडक्यावर चहाच्या चोथ्यासारखा गाळ.

माळ्यावरची गेलेली होती. पातळी खांद्याच्याही खाली उतरलेली, वास जळक्या गुळाचा आणि व्हिनेगरचा. इंदूरचे इतके मे महिने पत्र्याखाली काढल्यावर दुसरं काय होणार! म्हणून सांगतो, जुनी बाटली मिळाली तर आधी पातळी बघा आणि ती कुठे ठेवलेली होती ते विचारा, लेबल नंतर.

फडताळातली पहिली ठीक होती, गोड, जरा स्पिरिट पुढे येणारी. पण ८६ ची! रंग विटकरी, कडेला तपकिरी, पहिल्या घोटाला काहीच नाही, आणि अर्ध्या तासानं ग्लासातून सुकं अंजीर, संत्र्याची वाळलेली साल आणि अगदी शेवटी सुंठ. रंग बघून टॉनी, म्हणजे पिंपात मुरवलेली पोर्ट, वाटेल, पण टॉनीचा तो अक्रोडासारखा स्वाद पिंपात हवा लागून येतो, इथे सगळं काचेत झालंय, त्यामुळे तो नाही. वीस वर्षांच्या टॉनीची खोलीही नाही, चव लवकर संपते. पण काय मऊ झाली होती, तरुण रूबीचा तो जॅमसारखा गोडवा पार निवलेला. काकूंच्या चिरोट्यांबरोबर फार गोड झालं, नुसत्या अक्रोडांबरोबर मस्त लागली.

उरलेली फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवस पुरवली. खोकं काकूंनी मागून घेतलं, त्यात आता त्या वाती ठेवतात.