तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर नक्की काय विचारतात?

"ताई, फोनवर नक्की काय विचारतात?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी नवी पेठेत खरेदी करताना, कधी लग्नाच्या पंगतीत, वाढपी पुढे सरकायच्या आत. विचारणाऱ्याच्या मुलाची नाहीतर सुनेची परदेशी स्थायिक व्हायची फाइल कुठेतरी गेलेली असते, इंटरव्ह्यूची तारीख आलेली असते आणि घरात सगळ्यांची झोप उडालेली असते. मी 2015 साली अशाच एका फोनला तोंड दिलं, पुढे सहा वर्षं न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला काढली आणि सासूबाईंच्या आजारपणासाठी सोलापुरात परत आले. एवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात.

आधी हे सांगते, की माझा इंटरव्ह्यू ज्या नियमाने झाला तो आता राहिलेला नाही. तेव्हा वय, शिक्षण, अनुभव यांचे गुण जमले तर हातात नोकरी नसतानाही अर्ज करता यायचा, आणि मग तिथले अधिकारी फोन करून अंदाज घ्यायचे की ही बाई आपल्याकडे टिकेल का. ऑक्टोबर 2023 पासून तिथे 6 गुणांची पद्धत आली. आता तिथली नोकरी किंवा नोकरीची ऑफर नसेल तर त्या वाटेने जाताच येत नाही. फोन मात्र थांबलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या फाइलवर कामाची खातरजमा करायला फोन येतो, आणि नोकरी देणारे तर फोनवर नाहीतर व्हिडिओवरच माणूस पारखतात.

माझी तयारी सुरू झाली ती चुकीच्या टोकाने. पुण्याच्या एका एजंटने 50 प्रश्नांची पीडीएफ दिली होती, उत्तरांसकट. "न्यूझीलंड हा शांत, स्वच्छ आणि निसर्गरम्य देश आहे" वगैरे. मी ती शाळेतल्या कवितेसारखी पाठ करत घरभर फिरायचे. अप्पा खाटेवर बसून ऐकायचे. माझे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, मिल बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात गेले. इंग्रजी बेताचं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे सगळं ठीक हाय. पण तू तिथं करतीस काय?"

"क्वालिटी बघते, अप्पा."

"म्हंजे?"

"काँक्रीटची क्वालिटी."

"कशी बघतीस? डोळ्यानं?"

खोटं कशाला सांगू, मला पटकन सांगता येईना. दहा वर्षं पुलांच्या साइटवर काढलेली सिव्हिल इंजिनिअर मी, आणि तोंडात नुसते पीडीएफमधले शब्द. मग मी त्यांना स्लम्पचा शंकू समजावला, म्हणजे काँक्रीट किती पातळ की घट्ट ते बघायचं साधन. 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात थराथराने काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईने 25 ठोके, मग शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसतो ते मोजायचं. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात गाडी साइटवर येईपर्यंत माल घट्ट व्हायला लागतो. ड्रायव्हर गुपचूप पाणी मारतो. ढीग बदकन बसला की ओळखायचं, आणि गाडी परत पाठवायची. त्याच मालाचे 150 मिलिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे आणि 28 दिवसांनी मशीनमध्ये फोडून बघायचे.

अप्पा सरसावून बसले. "आमची खळ पातळ झाली की ताण्याचं सूत तुटायचं, तसंच हाय की हे. मग हे सांग ना त्यांला. क्वालिटी काय क्वालिटी!"

त्या दिवसापासून पीडीएफ बंद. रोज संध्याकाळी अप्पा एकच गोष्ट विचारायचे: आज काय केलंस? आधी मराठीत सांगायचं, मग तेच इंग्रजीत. मराठीत सांगताना जिथे अडखळायचे तिथे इंग्रजीत हमखास घसरायचे. तुमच्या घरी अप्पा नसतील तर आजीला धरा, शेजारच्या पोराला धरा. फक्त तुमच्या धंद्यातला माणूस नको. त्याला सगळं आधीच कळलेलं असतं, तो मानच डोलावतो.

दुसरी तयारी कानांची. तिकडचे लोक "टेन" म्हणतात ते आपल्याला "टिन" ऐकू येतं, "टेस्ट"चं "टिस्ट" होतं. समोर चेहरा असेल तर ओठांवरून सावरता येतं, फोनवर तेही नाही. मी महिनाभर भाकऱ्या थापताना इंटरनेटवर रेडिओ न्यूझीलंड लावून ठेवलेला असायचा. आई वैतागली, पण कान तयार झाले. आणि कळलं नाही तर सरळ "पुन्हा सांगता का" म्हणावं. अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

वेळ मिळाली ती नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी साडेआठची. तिकडे दुपारचे चार. आई म्हणाली, सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाळ. मावशीची वेगळीच तऱ्हा: "फोन तुला कसा? जावयांना यायला हवा." आणि मग, "डॉक्टर कोटणीस 1938 साली चीनला गेले, त्यांना कुठे कोणी फोन केला होता?" युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले कोटणीस मूळचे सोलापूरचे, त्यामुळे इथे परदेशाचा विषय निघाला की ते येतातच. राहुकाळाचं मी तिकडच्या अधिकाऱ्याला काय सांगणार होते?

खरी अडचण आवाजाची होती. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग. दिवसभर खडखड. त्यात तो पाण्याचा दिवस निघाला. आमच्याकडे पाणी तीन-चार दिवसांआड यायचं, आणि आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. मी आतली खोली धरली, खिडकीवर आणि दारावर घरातल्या जाडजूड चादरी टांगल्या, दुहेरी. सोलापुरी चादरीचा असा उपयोग कोणी केला असेल असं वाटत नाही, पण खडखड निम्म्यावर आली. अप्पा बाहेर मोटारीच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसले.

फोनवरच्या बाई सौम्य होत्या. पहिली दहा मिनिटं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, कुठे कधीपासून कधीपर्यंत नोकरी. हे सगळं मीच फॉर्ममध्ये भरलेलं. त्याची प्रत समोर होती म्हणून निभावलं, कारण एका नोकरीचा महिना मी तोंडी चुकीचा सांगत होते. समोर कागद ठेवायला काहीच हरकत नसते, कोणी बघत नाही. वाचून दाखवू नका एवढंच. वाचायला लागलं की आवाज सपाट होतो आणि ते पलीकडे लगेच कळतं.

मग कामाचं आलं. ते अप्पांच्या कृपेने सुरळीत गेलं. मध्येच पलीकडून नुसती की-बोर्डची टकटक यायची. बाई लिहून घेत असायच्या. ती शांतता फार वाईट. वाटतं आपलं उत्तर आवडलं नाही, मग माणूस ती भरून काढायला आणखी बोलतो आणि नको ते बोलून बसतो. मी दोनदा बसले. तिसऱ्यांदा जीभ दाताखाली धरली.

नोकरी लागेपर्यंत तिथे पैसे कसे पुरवणार, या प्रश्नात घरभाड्यावर आपटले. मी जाहिरातीत 400 डॉलर वाचलं होतं आणि आपल्या सवयीने महिन्याचं धरून हिशेब मांडला होता. बाई म्हणाल्या, "आठवड्याचे." तिकडे भाडं आठवड्याचं बोलतात, शिवाय अनामत चार आठवड्यांपर्यंतची घेतात. माझ्या हिशेबातलं भाडं एका क्षणात चौपटीहून जास्त झालं. "हे माझं चुकलं, मी पुन्हा हिशेब करते," म्हटलं आणि खरंच कागदावर केला, मोठ्याने. त्या थांबल्या. नवऱ्याचे पैसे धरून सहा महिने निघतात असं आलं.

आणि मग तो प्रश्न, पीडीएफमध्ये सातव्या क्रमांकावर असलेला: क्राइस्टचर्चच का? तिथलं पाठ उत्तर होतं बागांचं. माझ्या तोंडून निघालं किल्लारी.

30 सप्टेंबर 1993. विसर्जनाची रात्र, मी बारा वर्षांची. पहाटे चारच्या सुमाराला खाट हलली, भांडी खाली आली, आख्खं सोलापूर रस्त्यावर. लातूर जिल्ह्यात गावंच्या गावं बसली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, आत झोपलेली माणसं. आमच्या आजोळच्या माळवदालाही हात जाईल एवढी भेग पडली होती. आजोबा त्यात हात घालून उभे होते, अजून दिसतात. घर माणसाला मारतं हे मला तेव्हा कळलं, मी सिव्हिलला गेले ते त्यामुळे. क्राइस्टचर्चचा 22 फेब्रुवारी 2011 चा भूकंप झाल्यावर तिथली वाळूची जमीन पाण्यासारखी सैल कशी झाली ते मी वाचलं होतं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया उचलते. तिच्यावर पाया कसा घालायचा हे मला येतं, तुमची वाळू मला शिकायची आहे, असं काहीसं बोलले. इंग्रजी मोडकंच होतं. की-बोर्ड थांबला होता.

फोन सव्वा तास चालला. लगेच कायमचा परवाना मिळाला नाही, नोकरी शोधायला मुदतीचा व्हिसा मिळाला. नोकरी लागल्यावर पुढचं झालं.

आता ऑस्ट्रेलियावाल्यांसाठी थोडं. तो फोन सांगून येईलच असं नाही, आणि तुमच्या कचेरीतही जातो. माझ्या मावसभावाच्या वेळी साइट ऑफिसचा फोन वॉचमनने उचलला आणि "असा कोणी इथे नाही" म्हणून ठेवून दिला. पुढचे दोन महिने पत्रव्यवहारात गेले. तेव्हा अनुभवाच्या पत्रावर ज्यांची सही आणि नंबर आहे त्यांना आधी कल्पना द्या, आणि त्या पत्रातली कामं खरंच तुमचीच असू द्या. नेटवरून उचललेली नकोत. फोनवर कोणी पैसे मागितले तर तो वकिलातीचा नाही, ठेवून द्या.

बाकी समोरासमोर बोलू. घरी या, भरलेल्या फॉर्मची प्रत घेऊन या, पीडीएफ नको. अप्पा आता ऐंशीचे आहेत, पण प्रश्न अजून तेच विचारतात. फक्त येण्याआधी फोन करा, पाण्याचा दिवस सोडून बोलावते.