लुइझियाना खरेदीची मोजणी सुरू झाली ती जागा

मेम्फिसहून पश्चिमेला निघालं की मिसिसिपी ओलांडताच आर्कान्सा राज्य लागतं. दोन्ही बाजूंना भात आणि सोयाबीनची सपाट शेतं, रस्ता नाकासमोर. ब्रिंकली गावाच्या दक्षिणेला एक फाटा आत वळतो आणि तो संपतो तिथेच लुइझियाना परचेस स्टेट पार्क आहे. इथे यायची माझी फार दिवसांची इच्छा होती.

1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला सुमारे 8 लाख 28 हजार चौरस मैलांचा मुलूख घेतला. हैतीत फ्रेंच फौजेची वाताहत चाललेली, इंग्लंडशी युद्ध तोंडावर आलेलं. नेपोलियनला पैसा हवा होता. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनला खरं तर न्यू ऑर्लिन्स बंदरापुरतंच हवं होतं. परका मुलूख विकत घ्यायचा अधिकार राज्यघटनेत कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून घटनादुरुस्तीचा मसुदाही त्याने करून पाहिला. शेवटी सिनेटने 24 विरुद्ध 7 मतांनी करार मंजूर केला.

पण जमीन कागदावर आली तरी मोजल्याशिवाय ती वाटता येत नाही. 1812 मध्ये अर्थखात्यात जमिनींसाठी स्वतंत्र कचेरी निघाली. त्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध जुंपलं आणि सैनिकांना प्रत्येकी 160 एकर द्यायचं सरकारने कबूल केलं. म्हणून 1815 च्या हिवाळ्याच्या तोंडावर मोजणीदारांच्या दोन तुकड्या निघाल्या. प्रॉस्पेक्ट रॉबिन्स आर्कान्सा नदीच्या मुखापासून उत्तरेला, जोसेफ ब्राउन सेंट फ्रान्सिस नदीच्या मुखापासून पश्चिमेला. त्या दोन रेषा जिथे छेदल्या, ती जागा ऐन दलदलीत!

फळ्यांच्या पायवाटेवरून आत चालत गेलो. खाली चहाच्या रंगाचं पाणी, त्यात सायप्रस आणि ट्युपेलोची झाडं. ट्युपेलोचा बुंधा पाण्यालगत सुरईसारखा फुगलेला असतो. मोजणीदारांनी खूण म्हणून अशीच दोन झाडं तासली होती. 1921 मध्ये जिल्ह्याची हद्द मोजताना त्या खुणा पुन्हा सापडल्या आणि 1926 मध्ये इथे दगड उभारला. तो पाण्यातच उभा आहे.

छातीएवढ्या पाण्यातून मोजणीची 66 फुटी साखळी ओढत नेणं काय असेल, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. आपला गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे त्या साखळीच्या बरोबर निम्म्या बाजूचा चौरस. सातबारा पाहत वाढलेल्या माणसाला हे माप परकं वाटत नाही.

याच बिंदूपासून मिसुरी, आयोवा, नॉर्थ डकोटापर्यंत चौकोन आखले गेले. सहा मैल बाजूची टाउनशिप, तिचे 640 एकरांचे 36 भाग, त्यातला सोळावा शाळेसाठी राखीव. सरकार नुकतं उभं राहत असताना शाळेची जमीन आधी बाजूला काढली, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आणि तितकंच वाईटही वाटतं. नेपोलियनने विकला तो फक्त कागदावरचा हक्क. जमिनीवर नांदत होते क्वापॉ आणि ओसेजसारखे मूलनिवासी लोक, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. क्वापॉंकडून बहुतेक जमीन 1818 च्या तहाने आणि उरलेली 1824 च्या तहाने काढून घेतली. मोजणीची साखळी त्याआधीच फिरली होती.

इकडे येणार असाल तर दक्षिणेला आर्कान्सा पोस्टही बघाच. 1686 मध्ये क्वापॉंच्या गावाजवळ फ्रेंचांनी ते ठाणं वसवलं आणि 1819 मध्ये आर्कान्सा प्रदेशाची पहिली राजधानी तिथेच झाली.