मॅगझिन बदलायला लागतो तेवढा वेळ

१० जुलै म्हणजे कोल्हापुरात भर पावसाचे दिवस. राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी याच सुमारास येते, आणि गावाकडं भाताच्या रोपलावणीची घाई असते. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्या दिवशी कितीही काम असलं तरी आधी अंघोळ करून देवासमोर दिवा लावायचे आणि शेजारी पाटावर आणखी एक. तो दुसरा दिवा कुणाचा, हे मला सहावी-सातवीत असताना कळलं. नाईक यशवंत घाडगे यांचा. नाईक हा फौजेतला हुद्दा.

आबा मराठा पलटणीतले. दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे, आबांची पलटण वेगळी. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. घाडग्यांचं गाव तिकडं रायगडात, माणगावजवळचं पळसगाव. आमचं कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या शेजारचं. नातं ना भावकीचं ना पाव्हण्यारावळ्यांचं. तरी आबा त्यांचं नाव घरच्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचे. "आमचं यशवंतराव."

पावसाळ्यात लाइट गेली की आबांची तीन सेलची बॅटरी बाहेर निघायची. सेल उतरले असले की आबा मला म्हणायचे, "पोरी, मोज." कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं मीही म्हणायची, "मोजतो, आबा." मग ते अंधारातच बुडाचं झाकण फिरवून काढायचे, जुने सेल तळहातावर पाडायचे, नवे एकामागून एक आत सारायचे, झाकण आवळायचे आणि खटका दाबायचे. माझे सहा होईपर्यंत उजेड पडलेला असायचा. त्या उजेडात आबा माझ्याकडं बघत म्हणायचे, "येवढा येळ लागतोय बघ बंदुकीचं गोळ्यांचं मॅगझिन बदलायला. येवढाच येळ यशवंतरावाकडं न्हवता."

झालं होतं ते असं. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. घाडगे आपल्या सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे प्रमुख. सेक्शन पुढं सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि घाडगे सोडून सगळे मारले गेले किंवा जखमी होऊन पडले. ते एकटे उभे राहिले. ते मागं फिरले नाहीत, मशीनगनच्याच दिशेनं धावत सुटले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात ती गन आणि ती चालवणारा दोन्ही गार झाले. तिथल्या आणखी एकाला त्यांनी आपल्या टॉमी गननं टिपलं. उरले दोघं, आणि मॅगझिन रिकामं. बदलायला वेळ नव्हता. त्यांनी गन उलटी केली, नळी हातात धरली आणि दस्त्यानं त्या दोघांना संपवलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्यानं जिंकलेल्या त्याच मोर्चावर त्यांनी प्राण सोडला. वय २२.

हे सगळं व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या अधिकृत नोंदीत आहे. पण आबा जे सांगायचे ते कुठल्याच नोंदीत नाही. "नळी तापलेली आसती गं," ते म्हणायचे. "फायर केल्यावर हात लावून बघ म्हणावं कुणी." आणि स्वतःचे दोन्ही तळवे उघडून बघत बसायचे. मला त्या पराक्रमातलं सगळ्यात खरं वाटतं ते हेच. हातबॉम्ब, गोळ्या हे सगळं दूर वाटतं. तापलेली कढई चुकून धरली की हात आपोआप मागं येतो, हे मात्र मला माहीत आहे. त्यांनी हात मागं घेतला नाही.

ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती आलं. पार्थिव आलं नाही. ते मिळालंच नाही. ज्यांना थडगं नाही अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं इटलीतल्या कॅसिनो इथल्या स्मारकावर कोरली आहेत, त्यात त्यांचं नाव आहे.

कॅसिनो. हे नाव आमच्या घरात आबांच्याही आधी आलं होतं.

१९४३ पासून वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, सुमारे पाच हजार माणसांचा. त्यात बायका-पोरंच जास्त. आमची पणजी, आबांची आई, बुट्टीत अंडी घेऊन तिथं विकायला जायची. एकमेकींची भाषा येत नव्हती, हिशेब बोटांवर. ४४ च्या उन्हाळ्यात एक दिवस तिनं पाहिलं, नेहमीची गिऱ्हाईकं एकमेकींच्या गळ्यात पडून रडताहेत, हसतही आहेत, आणि सारखा एकच शब्द चाललाय. "कासिनो, कासिनो." पणजीला वाटलं, कुणी माणूस गेला असेल. तिनं त्या दिवशी अंड्यांचे पैसे मागितले नाहीत.

आबा परत आल्यावर तिनं पहिल्या आठवड्यातच विचारलं, "कशिनो कोण रं?" आबांनी सांगितलं, माणूस नव्हे आई, डोंगर आहे तो. १८ मे १९४४ ला माँटे कॅसिनो पोलंडच्या फौजेनं घेतला होता. कॅम्पातल्या किती जणींचे नवरे, भाऊ, मुलं त्या फौजेत होती. म्हणजे तिकडं त्यांच्या घरचे नि आमचे आबा एकाच मुलखात लढत होते, आणि इकडं त्या बायका नि आमची पणजी वळिवड्यात अंडी मोजत होत्या. आज त्या डोंगरावर हजारावर पोलिश सैनिक पुरलेले आहेत आणि खाली कॅसिनोत यशवंत घाडग्यांचं नाव आहे. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे. तिथून जाताना मला दर वेळी पणजीची बुट्टी आठवते.

मागं एका शाळेत मी घाडग्यांवर मुलांशी बोलू का, असं विचारलं होतं. उत्तर आलं, "ते इंग्रजांसाठी लढले ना? कशाला?" मला फार लागलं ते. सरकार इंग्रजांचं होतं, आणि युद्धात ओढताना हिंदुस्थानाला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच आहे. पण मशीनगनकडं धावत गेलेला माणूस कुठल्या सरकारकडं बघून धावला नव्हता. त्याच्या मागं त्याचीच माणसं पडली होती. इटलीच्या लढाईत ५,७८२ हिंदी सैनिक मेले. तिथं दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा आपल्या माणसांचे. त्यांना आपण नाही आठवायचं तर कुणी आठवायचं? इटलीतल्या माँटोने गावानं मात्र आठवलं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी घाडग्यांच्या नावानं स्मारक उभारलं, आणि ते आहे सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. आबा असते तर तो फोटो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी लावला असता.

आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. दुसरा दिवा आता मी लावते. यंदा पुतण्या आला होता, दहा वर्षांचा. त्यानं विचारलं, हा कुणाचा? मी ट्रंकेतून आबांची बॅटरी काढली. आतली स्प्रिंग गंजली होती, ती घासून घेतली, दुकानातून तीन मोठे सेल आणवले आणि खोलीतला लाइट बंद केला. म्हटलं, "मोज."

मला नऊ लागले. त्यानं लगेच हात पुढं केला, "आत्या, आता मी."