अकलूजची ‘सेत्ते’: ऊसपट्ट्यातल्या द्राक्षमळ्यात एक दिवस

वाइन म्हटलं की पुणेकराची गाडी नाशिककडे वळते. आम्ही मात्र फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सोलापूर रस्त्याला लागलो. निमित्त होतं ‘सेत्ते’ ही रेड वाइन. एका मित्राच्या पन्नाशीला प्यायलो तेव्हा बाटलीवर अकलूजचं नाव वाचून चक्रावलो होतो. आमच्या लेखी अकलूज म्हणजे साखर कारखाना, घोडेबाजार आणि लावणी स्पर्धा. शिवाय माझे मामा तिथेच ऊस लावतात, पण या मळ्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

सहाला हडपसर सोडलं, भिगवणला नाश्ता केला, इंदापूरहून उजवीकडे वळून अकलूज गाठलं. साधारण १७० किलोमीटर. मामांना घेतलं आणि माळशिरस तालुक्यातल्या मोटेवाडीला निघालो.

‘सेत्ते’ बनवणाऱ्या कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. ती सुरू केली भावांच्या तीन जोड्यांनी: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. २००६-०७ च्या सुमारास तिन्ही जोड्यांनी मिळून फ्रान्सहून कलमं आणली आणि उसाच्या मुलखात वाइनची द्राक्षं लावली. वाइन करायला इटलीतल्या टस्कनीतून पिएरो मासी आले. सहा भाऊ आणि सातवे मासी, म्हणून ‘सेत्ते’, म्हणजे सात. पहिली २००९ च्या द्राक्षांची. त्यात मासींच्या मुलखातलं सांजोवेसे जातीचं द्राक्ष आणि जोडीला कॅबरने सोव्हिन्यॉं.

आमच्या नशिबाने काढणी चालू होती. मामांनी एक मणी तोंडात टाकला आणि लगेच बी थुंकली. “हे काय रे, सगळं सालपट आणि बिया!” थॉमसनसारख्या बिनबियांच्या द्राक्षांवर पोसलेल्या माणसाला तसं वाटणारच. मणी करवंदाएवढा, साल जाड, बोटं जांभळी करणारी. पण रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा येतो तो त्या सालीतूनच. रस सालीसकट आंबवतात, मग लाकडी पिंपांत मुरायला ठेवतात. दुसरी गंमत ऋतूची. टस्कनीत द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात खुडतात. आपल्याकडे वेल थंडीत झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी असं करून काढणी कोरड्या दिवसांत आणतात. हे मामांना आमच्याआधी कळलं आणि पुढची वीस मिनिटं ते ठिबकवरच बोलत राहिले.

चवीला आधी पांढऱ्या, मग लाल. ‘सेत्ते’ शेवटी. नाकाशी आंबट चेरी, थोडं लाकूड. घोट गेल्यावर हिरड्या आवळतात. मामांचा निकाल: “करवंदं जास्त खाल्ल्यावर होतं तसं.” माझ्या मते याहून नेमकं वर्णन होणार नाही. एकटी प्यायला ती मला जरा कडकच वाटली. रात्री मामींच्या मटणाबरोबर मात्र तिचा तोरा कळला.

जाणाऱ्यांनी जानेवारी ते मार्चमध्येच जावं. एरवी नुसते वेल आणि टाक्या बघून याल. आधी फोन करून वेळ ठरवा, असंच जाऊन उभं राहू नका. पोटभर खाऊन जा. गाडी चालवणाऱ्याने घोटही घ्यायचा नाही. आमचा मेव्हणा दिवसभर लिंबू सरबतावर होता आणि त्याचं जेवणाचं बिल आम्ही भरलं. आषाढी वारीच्या दिवसांत हा बेत नकोच. तुकोबांची पालखी इंदापूर-अकलूजवरून आणि माउलींची माळशिरसवरून जाते, रस्ते वारकऱ्यांचे असतात.

बाटल्या घेतल्यात तर थर्माकोलचा डबा न्या, बिल जवळ ठेवा. आम्ही रविवारी परतताना भिगवणला मासे खायला दीड तास थांबलो आणि बाटल्या डिकीत, भर उन्हात. पुण्यात उघडून बघितलं तर एकीचं बूच बोटभर वर आलेलं आणि मामींनी दिलेली ज्वारीची पिशवी खालून जांभळी.